इंटरनेट नसलेला व्हॉइस रेकॉर्डर: कामगारांशी बोलायला निघालेल्यानं घ्यावा का?

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. तळहातात मावणारा, रिमोटच्या दोन सेलवर चालणारा व्हॉइस रेकॉर्डर. ४ जीबी मेमरी आतच आहे, साध्या एमपी-थ्री दर्जावर साठेक तास बोलणं बसतं. पाठीमागची कळ सरकवली की यूएसबीची जीभ बाहेर येते, ती थेट कॉम्प्युटरला लावायची. सिम नाही, वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, अ‍ॅप तर नाहीच नाही. किंमत साडेचार ते पाच हजार. अशी यंत्रं दोन-चार कंपन्या करतात आणि त्यांच्यात फरक उन्नीस-बीस, म्हणून कंपनीचं नाव लिहीत बसत नाही. बेळगावच्या गणपत गल्लीत चौकशी केली तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला, "काका, फोनात फुकट हाय की हे. पाच हजार कशाला घालवूलालाय?" प्रश्न रास्त आहे. त्याला काउंटरवर जे सांगता आलं नाही ते इथं सविस्तर लिहितोय.

मी बेळगावातल्या शहापूरचा. बँकेत कारकून म्हणून लागलो, कारकून म्हणूनच निवृत्त झालो, आणि मधली वर्षं युनियनच्या कामात कशी गेली कळलं नाही. आता हाताशी वेळ आहे म्हणून एक उद्योग अंगावर घेतलाय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात कामाच्या ठिकाणी एखादं यंत्र किंवा अ‍ॅप आलं, त्यानं लोकांचं नुकसान व्हायला लागलं, आणि लोकांनी त्याला 'नको' म्हटलं किंवा 'हो, पण असं नको' म्हटलं, अशा हकीकती त्यांच्याच तोंडून गोळा करायच्या. कुणी सांगितलेलं नाही, कुणाचं अनुदान नाही. विद्यापीठातली मंडळी असं काम रीतसर करतात, त्यांच्याकडे मार्गदर्शक असतात आणि छापील संमतिपत्रं असतात. माझ्याकडे हा रेकॉर्डर, शंभर पानी वह्या, आणि लाल बसमधली ज्येष्ठ नागरिकांची सवलत.

हाच विषय का, असं घरचेही विचारतात. यंत्राला विरोध म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हातात दगड घेतलेला माणूस येतो. आम्ही बँकवाले छातीला बिल्ले लावून कॉम्प्युटरविरुद्ध बोलत होतो तेव्हा शेजारपाजारचे सुशिक्षित लोकही आम्हाला मागासलेले म्हणायचे. प्रत्यक्षात काय झालं? ८ सप्टेंबर १९८३ ला आमच्या संघटनांचा बँकांच्या संघाशी करार झाला, आणि कोणती यंत्रं, कुठं, कुठल्या कामासाठी आणायची ते कागदावर आलं. पुढे लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीत नोंदी चढवणारी, मशिनं आली, त्यांवर बसणाऱ्याला भत्ता आला, आम्ही ती शिकलोही. भांडण होतं ते आम्हाला न विचारता आणण्यावरून. हे आज कुणाला सांगायला गेलं की तो मोबाइलमध्ये डोकं घालून 'हं हं' करतो. म्हणून म्हटलं, आपण सांगण्यापेक्षा दुसऱ्यांचं ऐकावं.

आता फोन का चालत नाही ते.

जांबोटीच्या बाजूच्या एका गावात एका आशा कार्यकर्तीकडे गेलो होतो. पावसाचे दिवस, पडवीत चटई टाकलेली, चहा आलेला. मी सवयीनं मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून तो चटईवर ठेवला. बाईंनी स्वतःचा फोन मी यायच्या आधीच आत नेऊन तांदळाच्या डब्यावर ठेवला होता. माझ्या फोनाकडे बघून म्हणाल्या, "सर, ह्यो बी आत ठेवूया की. माज्या मागं एक हाय, तेवढा पुरे." मी पिशवीतून रेकॉर्डर काढला. त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला, सेलचं झाकण उघडून बघितलं, आणि विचारलं, "शिम कुठं घालतात ह्येला?" सिम नसतं म्हटल्यावर, "मग ऱ्हाऊ दे, बोलूया," म्हणून तो स्वतःच्या मांडीवर ठेवून बोलायला लागल्या. तेव्हापासून माझा तोच नियम झालाय. रेकॉर्डर बोलणाऱ्याच्या हातात. तांबडा दिवा त्याला दिसला पाहिजे, थांबवायचं बटण त्याच्या अंगठ्याखाली पाहिजे. फोनाच्या बाबतीत हे कुणी करत नाही. फोन दुसऱ्याच्या हातात द्यायला आपलाच जीव धजत नाही.

त्या काय बोलल्या ते थोडक्यात सांगण्यासारखं नाही, पण मुद्द्यापुरतं सांगतो. कर्नाटकात आशांच्या प्रोत्साहन भत्त्याचा मोठा भाग वर्षानुवर्षं आरसीएच पोर्टलवरच्या, म्हणजे माता-बाल आरोग्याच्या सरकारी संकेतस्थळावरच्या, नोंदींना बांधलेला. गरोदर बाईला दवाखान्यात नेलं, लसीकरणाला पोरं गोळा केली, हे काम झालेलं असतं, पण पोर्टलवर चढत नाही. कधी नेटवर्क नसतं, कधी चढवणारीला वेळ नसतो, कधी चढलेलं दिसत नाही. पोर्टलवर नाही म्हणजे झालंच नाही, आणि झालंच नाही म्हणजे पैसे नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये राज्यभरच्या आशा बंगळूरला फ्रीडम पार्कमध्ये थंडीत रात्रंदिवस बसल्या. महिना १५ हजारांची त्यांची मागणी आणि मुख्यमंत्र्यांनी दिलेलं किमान १० हजारांचं आश्वासन, हे सगळ्यांनी वाचलं. 'मानधनाची पोर्टलशी मारलेली गाठ सोडवा' ही मागणी मात्र बातम्यांत पार खाली गेली. या बाई अर्धा तास बोलल्या त्या त्या मागणीबद्दलच.

आणि मग त्यांनी लाँगबुक आणून दाखवलं. प्रत्येक पानावर पट्टीनं दोन रकाने पाडलेले. एकाला नाव 'केलं', दुसऱ्याला 'चढलं'. पहिला रकाना पानभर, दुसरा अर्ध्यावर थांबलेला. महिन्याच्या मीटिंगला आजूबाजूच्या गावांतल्या आशा आपापली लाँगबुकं घेऊन येतात आणि दोन रकान्यांतला फरक एकमेकींशी ताडून बघतात. साहेबांपुढे एकटीनं 'माझं राहिलं' म्हणण्यापेक्षा पंधराजणींनी 'आमचं राहिलं' म्हणणं वेगळं पडतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मोर्चा, घोषणा, निवेदन हे सगळं वर्तमानपत्रात येतं. हे लाँगबुक येत नाही. माझ्या मते मात्र खरा विरोध या वहीतच चाललेला असतो.

आवाजाचं म्हणाल तर, कौलांवर पाऊस कोसळत असतानाही बोलणं स्वच्छ आलंय. रेकॉर्डर मांडीवर, म्हणजे तोंडापासून दीड फुटावर होता. लांब ठेवला तर पाऊसच जास्त ऐकू येतो. घरगुती बोलण्यासाठी पैकीच्या पैकी गुण.

यंत्रमागाच्या शेडमध्ये मात्र हा नापास, आणि दुसरा कुठला पास होईल असंही वाटत नाही. वडगाव-खासबागेत ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना सांगायला नको. चार माग एकदम चालू असले की आतली माणसं हातवाऱ्यांनीच बोलतात. मेनूमध्ये 'लो कट' म्हणून एक सोय आहे, ती पंख्याची किंवा बसच्या इंजिनाची घरघर कापते, आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याच्या खटखटीपुढे तिचं काही चालत नाही. माझी मुलाखत झाली ती वीज गेल्यामुळे. माग थांबले, सगळे बाहेर कट्ट्यावर येऊन बसले, आणि एक वयस्कर विणकर मामा बोलायला लागले.

त्यांचे वडील हातमागावर शहापुरी साड्या विणायचे, मामा स्वतः यंत्रमागावर, आणि आता शेजारच्या शेडमध्ये बिनधोट्याचे रॅपियर माग आलेत. रॅपियर वेगानं चालतो आणि सूत तुटलं की आपोआप थांबतो, म्हणून एका माणसानं जास्त माग सांभाळावेत अशी मालकांची अपेक्षा. मामांच्या शेडमध्ये रॅपियर नाहीत, तरी मालकानं साध्या मागांवरही तोच हिशेब लावायला बघितला. "दोन सांभाळूलालोय, चार सांभाळ म्हनाला. आमी न्हाई म्हटलं न्हाई. चार चालू केलं, आनि सूत तुटलं की चारीच्या चारी बंद करून जोडत बसलो. सगळ्यांनी. आठ दिवसांत मालकच म्हनाला, ऱ्हाऊ दे." त्यांनी हे छापायला परवानगी दिलीय, मी दोनदा विचारून घेतली. तो मालकही आता नाही आणि ती शेडही विकली गेलीय.

ऐकताना मला १९२८ ची मुंबई आठवत होती, म्हणजे वाचलेली. दोन मागांऐवजी तीन माग एका विणकरानं बघायचे, सुधारणेच्या नावाखाली माणसं कमी करायची, यावरून गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सहा महिने संप चालला, सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. गिरणी कामगार युनियन उभी राहिली ती त्याच संपात. वडगावच्या मामांनी १९२८ चं नावही ऐकलेलं नाही. हिशेब मात्र तोच. दुसरी गंमत अशी की १९८५ साली केंद्रानं हातमागासाठी राखीव मालाचा कायदा केला. सुरुवातीला २२ प्रकार हातमागालाच राखून ठेवलेले, पुढं ते ११ वर आले. तो कायदा मामांच्या वडिलांना मामांपासून वाचवण्यासाठी होता. आता मामांना रॅपियरपासून वाचवणारं काही नाही. हे मी त्यांना म्हटलं तर ते हसले आणि वीज आली म्हणून आत गेले.

आता ज्या बटणासाठी मी हा रेकॉर्डर सुचवतोय त्याच्याकडे येतो. 'इरेज'. उजव्या बाजूला आहे, छोटं, जरा दाबून धरावं लागतं. पडद्यावर विचारणा येते, पुन्हा दाबलं की फाइल गेली.

टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटच्या बाजूला संध्याकाळी जेवण पोचवणारी पोरं गाड्या लावून उभी असतात. त्यातल्या एकाशी ओळख झाली. दोन-तीन संध्याकाळी नुसत्या गप्पा, मग एकदा रेकॉर्डर त्याच्या हातात दिला. अ‍ॅप लांबची ऑर्डर देतं, नाही म्हटलं की पुढचा तासभर काहीच देत नाही. रेटिंग का उतरलं ते सांगत नाही, एक दिवस आयडीच बंद पडतो आणि विचारायला कुणी माणूस नसतो. हे सगळं तो मोकळेपणानं बोलला. मग पोरांनी आपसात यावर काय उपाय काढलाय तेही रंगात येऊन सांगितलं. सांगून झाल्यावर गप्प बसला आणि म्हणाला, "काका, शेवटचं काढून टाकूया. बाहेर गेलं तर आमचंच बंद करतील." त्यानंच दाबलं. तो उपाय मी इथं लिहिणार नाही, वहीतही नाही.

त्याची भीती फुकाची नाही. रोजगार हमीच्या कामांवर हजेरीचं अ‍ॅप आलं, दिवसातून दोनदा जागेच्या खुणेसह मजुरांचे फोटो चढवायचे. १ जानेवारी २०२३ पासून ते सगळ्या कामांना सक्तीचं झालं. फोटो चढला नाही की दिवसभर माती उपसूनही मजुरी बुडाली, म्हणून त्याच वर्षी मजूर दिल्लीत जंतरमंतरवर शंभर दिवसांच्या धरण्याला बसले. धरण्यानं अ‍ॅप गेलं नाही. गावोगाव लोक आपापल्या वाटा काढत राहिले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाचं परिपत्रक निघालं, त्यात त्या वाटांची यादीच होती: फोटोचाच फोटो काढणं, भलतेच फोटो चढवणं, सकाळच्या आणि दुपारच्या फोटोंत वेगवेगळी माणसं असणं, वगैरे. आणि हुकूम असा की ग्रामपंचायतीनं सगळे फोटो माणसांकडून तपासून घ्यावेत. माणसाची तपासणी नको म्हणून अ‍ॅप आणलं, आता अ‍ॅपची तपासणी माणसं करणार! त्या यादीतली काही लबाडी ठेकेदारांची होती हे उघड आहे, काही नाइलाज मजुरांचा होता हेही उघड आहे, परिपत्रकात दोघं एकाच माळेत ओवले गेले. युक्ती कागदावर आली की ती मेली, आणि जिचं पोट तिच्यावर होतं तीही अडकली.

हे नवीन नाही. इंग्लंडात १८११-१२ साली नॉटिंगहॅमच्या बाजूला मोजे विणणारे कारागीर रात्री तोंडाला काळं फासून शेडमध्ये घुसायचे आणि माग फोडायचे. 'जनरल लड' नावाच्या, कुणीच न पाहिलेल्या पुढाऱ्याच्या सहीनं चिठ्ठ्या टाकायचे. सरसकट सगळे माग फोडत नसत. जो मालक मजुरी पाडायचा किंवा कापून शिवलेले हलके मोजे काढून धंद्याचं नाव घालवायचा, त्याचे शोधून फोडायचे. १८१२ मध्ये पार्लमेंटानं माग फोडण्याला फाशी ठेवली. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्कला या चळवळीतल्या सतराजणांना फासावर चढवलं. एकमेकांत शपथा घेतलेल्या, त्यामुळे त्यांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलेलं फार थोडं सापडतं. आज जे कळतं त्यातलं बरंच खबऱ्यांनी आणि मॅजिस्ट्रेटांनी गृहखात्याला पाठवलेल्या पत्रांतून कळतं. नेमानं टिपणं ठेवणारे होते ते खबरेच. मी वही घेऊन कुणाच्या दारात उभा राहिलो की समोरच्याला आधी हाच संशय येतो, आणि तो यावाच.

जेवण पोचवणाऱ्या त्या पोराला मी एक गोष्ट मात्र सांगू शकलो. कर्नाटक सरकारनं मे २०२५ मध्ये अ‍ॅपवर काम करणाऱ्यांसाठी वटहुकूम काढला, त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. राजस्थाननं २०२३ मध्ये असा कायदा आधीच केला होता. आपल्याकडच्या कायद्यात प्रत्येक व्यवहारामागं १ ते ५ टक्के कल्याण शुल्क आहे, कामावरून काढण्याआधी कारण देऊन १४ दिवसांची नोटीस आहे, आणि काम वाटणारी, रेटिंग लावणारी यंत्रणा कशी चालते ती माहिती मिळण्याचा हक्क आहे. पोराला १४ दिवसांचं ठाऊक होतं, शेवटचं ठाऊक नव्हतं. "म्हंजे लांबची ऑर्डर मलाच का देतंय ते इचारता येतंय?" कागदावर तरी येतं, म्हटलं.

इरेजच्या बटणाबद्दल अजून एक सांगायला हवं, कारण जाहिरातीत ते कुणी सांगत नाही. पुसलेलं लगेच नाहीसं होत नसतं. त्या जागेवर दुसरं काही नोंदलं जाईपर्यंत रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं ते परत काढता येतं. माझी पद्धत अशी. जपायच्या फाइली घरी आल्याबरोबर पेनड्राइव्हवर घ्यायच्या, रेकॉर्डर मेनूतून फॉरमॅट करायचा, मग दर्जा सर्वांत वरचा ठेवून रात्रभर चालू सोडायचा. वरच्या दर्जावर ४ जीबी पाच-सहा तासांत भरते. माझ्या रेकॉर्डरवर बहुतेक वेळा आमच्या छतपंख्याची कुरकुर भरलेली असते, चोरानं खुशाल ऐकावी.

चोरावरून आठवलं, या यंत्राचा मोठा दोष म्हणजे याला कुलूप नाही. पासवर्ड नाही, काही नाही. बसमध्ये राहिला तर ज्याच्या हाती लागेल त्यानं प्ले दाबलं की झालं. फोन या बाबतीत बरा, निदान बोटाचा ठसा तरी मागतो. म्हणून मी मुलाखतीत नाव, गाव, कारखाना काही बोलू देत नाही. ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहितो आणि चिठ्ठी वेगळ्या खिशात. दुसरा दोष, फाइलीला आपोआप तारीख आणि वेळ यांचं नाव पडतं. कुठल्या दिवशी किती वाजता कुणी मजूर कामाच्या जागेवर नव्हता, माझ्याशी बोलत होता, हे त्या नावावरूनच कळेल. घरी आल्यावर नावं बदलायची. आणि सेल काढून ठेवले की घड्याळ मागं पडतं, दरवेळी लावत बसावं लागतं. तिसरा दोष म्हातारपणाचा म्हणा, पडद्यावरची अक्षरं बारीक आणि मागून उजेड नाही.

बोलणं उतरवून काढायचं काम. एका तासाच्या बोलण्याला मला चार-पाच तास लागतात. भाच्यानं त्याच्या फोनवर एक अ‍ॅप दाखवलं, आवाज द्या, मराठीत टाइप करून मिळेल. माझाच आवाज देऊन बघितला. शुद्ध पुस्तकी बोललो ते चांगलं उतरवलं. मग आपलं नेहमीचं बोललो, 'काय करूलालोय' म्हटलं, तर 'काय करू लाल होय' आलं, आणि मधे दोन वाक्यं कन्नड आली तिथं त्यानं जे लिहिलं ते कुठल्याच भाषेत बसत नाही. हसण्यावारी नेलं असतं. पण ते अ‍ॅप आवाज आधी स्वतःच्या सर्व्हरवर पाठवतं आणि मग टाइप करतं. जिनं माझा फोन आत तांदळाच्या डब्यावर ठेवायला लावला, तिचं बोलणं मी कुठल्याशा देशातल्या मशिनला ऐकवायचं? तो विषय तिथंच संपला. रेकॉर्डरमध्ये वेग कमी करायची सोय आहे, आवाज घोगरा न होता बोलणं सावकाश होतं, आणि एखादा तुकडा खूण करून पुन्हा पुन्हा ऐकता येतो. कानाला हेडफोन, समोर वही. सकाळी पाणी यायच्या आधी दोन पानं होतात.

उसाच्या फडात जाणार असाल तर स्पंज हवाच. माइकवर बसणारी स्पंजची टोपी वेगळी घ्यावी लागते, पन्नास-साठ रुपयांची. ती नसताना चिकोडीकडे एका शेतकऱ्याचं काटामारीवरचं अख्खं भाषण वाऱ्यानं खाल्लं. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुर्लापूर क्रॉसला टनाला ३५०० साठी शेतकरी रस्त्यावर बसले होते, सरकार ३३०० वर आलं, ते सगळ्या राज्यानं बघितलं. हा शेतकरी म्हणत होता, दर वाढवून काय करायचं, वजनच कमी भरलं तर? कारखान्याचा काटा डिजिटल आहे, आकडा आतल्या खोलीत दिसतो, ट्रॅक्टरवाल्याच्या हाती नुसती पावती येते. त्याच्या गावातल्या काहींनी वाटेवरच्या खासगी काट्यावर आधी वजन करून घ्यायला सुरुवात केली आणि पुढं जे झालं तेच नेमकं वाऱ्यात गेलंय. पुन्हा जायचंय, स्पंज घेऊन.

पाचपैकी चार गुण देतो. एक कापला तो कुलपासाठी. नुसती लेक्चरं किंवा कीर्तनं टिपायची असतील तर पैसे घालवू नका, फोन पुरतो. बातमीदारांना, वकिलांच्या हाताखालच्यांना, समाजशास्त्राच्या पोरांना, युनियनच्या कार्यकर्त्यांना जरूर घ्या म्हणेन. दुकानदार आत चार्जिंगची बॅटरी असलेलं मॉडेल दाखवेल, हजारभर रुपये जास्त, दिसायला सडपातळ. ते नको. कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज गेली की दोन दोन दिवस येत नाही, आणि रिमोटचे सेल तिथल्या किराणा दुकानातही मिळतात.